मागची मोकळी जागा

'बसणे' आणि 'जमणे' ही आपल्या भाषेतली दोन क्रियापदे शेजारी राहतात खरी, पण त्यांचे एकमेकांकडे जाणेयेणे फारसे नाही. एका डब्याचे झाकण दुसऱ्या डब्याला बसते. तेवढ्याने त्या दोघांचे जमले असे होत नाही. एका कंपनीच्या कुकरची शिट्टी दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर बसते, आणि घरातली जाणती बाई ती लगेच उचलून बाजूला ठेवते. "अगं, बसते तर आहे!" असे घरातला एखादा पुरुष म्हणालाच, तर ती त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाही. बसणे ही तोंडाची गोष्ट आहे. आत काय होईल हे तोंडावरून कळत नाही, हे तिला ठाऊक असते.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात, त्यांत कधीकधी एखादा जुना कॅमेरा असतो. कॅमेरा बहुधा गेलेला असतो. त्याचा कापडी पडदा कुजलेला, आतले चाक अडकलेले. पण त्याची लेन्स मात्र पुसून घेतली की लख्ख डोळा उघडते. हल्लीची तरुण मुले अशा जुन्या लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात. मध्ये एक धातूचे कडे बसवावे लागते, त्याला ॲडॅप्टर म्हणतात. या जुन्या लेन्सपैकी काहींची नळी आत ढकलून मिटता येते. घडीची खुर्ची असते तशी ही घडीची लेन्स. मला या लेखात बोलायचे आहे ते या घडीच्या लेन्सबद्दल; आणि तिच्या निमित्ताने आणखी एका गोष्टीबद्दल, जी वर्गात रोज समोर येते आणि जिचे उत्तर क्रमिक पुस्तकात नाही.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नामुंजींचे फोटो काढतो. गेल्या वर्षी तो अशी एक लेन्स घेऊन आला. 'इंडस्टार-22' असे तिचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला ती बनत असे. त्याच्या आजोबांची होती. तिच्या चामडी डबीत आजोबांच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी होती: फोटो काढून झाल्यावर नळी आत करून ठेवणे. पोराने मुंबईच्या बोरा बाजारातून ॲडॅप्टर आणला, तेव्हा तिथल्या वयस्क दुकानदाराने त्याला नेमके उलटे बजावले: कॅमेऱ्यावर असताना ही नळी कधीही आत ढकलायची नाही. माझ्यासमोर चिठ्ठी ठेवून तो हसत म्हणाला, "सर, आता आजोबांचे ऐकू की दुकानदाराचे?"

तो हसत म्हणाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. प्रकाशाचे शास्त्र मला शाळेच्या पुस्तकाएवढेच येते. पण या लेन्सचे गणित तेवढ्याने उलगडते.

ही नळी मिटावी असे मुळात कोणाला वाटले? जर्मनीतल्या वेत्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा विकार. त्या काळचे काचपट्ट्यांचे जड कॅमेरे घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. म्हणून त्याने सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर 24 बाय 36 मिलिमीटरचे चित्र घेणारा एक लहानसा कॅमेरा 1914 च्या सुमारास तयार केला. मध्ये युद्ध आले. अखेर 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' या नावाने तो लोकांपुढे आला. त्याची लेन्स मॅक्स बेरेक यांनी आखलेली. ती फिल्मपासून साधारण 50 मिलिमीटरवर उभी राहिली तरच दूरचे डोंगर स्पष्ट दिसणार. पण 50 मिलिमीटर जाडीचा डबा खिशात कोण घालणार? म्हणून बार्नाकने कॅमेरा चपटा ठेवला आणि लेन्स नळीवर बसवली: काम असेल तेव्हा बाहेर ओढा, फिरवून अडकवा, काम झाले की आत ढकला. दम्याच्या माणसाने स्वतःसाठी शोधलेली सोय जगभरच्या खिशांत गेली. चांगल्या सोयी बहुधा अशाच जन्मतात, असे मला आपले वाटते.

पुढे लेन्स काढता-घालता येऊ लागल्या, आणि लेन्स ज्या कडेवर टेकते तिथून फिल्मपर्यंतचे अंतर 28.8 मिलिमीटर असे ठरून गेले. या लायकाची नक्कल रशियात झाली. ती हकीकत एका मास्तराला टाळून पुढे जाववत नाही. खारकोव्हला अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांची एक वसाहत होती. अंतोन माकारेंको हा शिक्षक ती चालवी. ज्या मुलांना कोणी दारात उभे केले नसते, त्यांच्या हातून तिथे 1934 पासून 'फेड' नावाचे कॅमेरे तयार होऊ लागले. (वसाहतीला आणि कॅमेऱ्याला नाव दिले होते सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचे. इतिहास अशी थट्टा मधूनमधून करतो.) युद्धापूर्वीच्या फेडमध्ये लेन्स त्या त्या कॅमेऱ्याशी हाताने जुळवून दिलेली असे, एकाची दुसऱ्याला लावली तर आटे बसत, पण चित्र नीट जमेलच अशी खात्री नसे. युद्धानंतर ही मापे एकसारखी झाली आणि फेडच्या वळणावर 'झोर्की' निघाला. आमच्या विद्यार्थ्याची लेन्स या घराण्यातली.

आता नळी आत ढकलल्यावर ती जाते कुठे? कॅमेऱ्याच्या पोटात. लेन्सची कड आणि फिल्म यांच्यामध्ये 28.8 मिलिमीटरची जी पोकळी आहे, तिच्यात ती जाऊन निवांत बसते. तिच्या मागे काही अंतरावर कापडी पडदा असतो आणि त्याच्या मागे फिल्म. बार्नाकने नळी आखली ती या पोकळीच्या भरवशावर. आजोबांनी चिठ्ठी लिहिली तीही त्याच भरवशावर. नळी बाहेर राहिली तर तिला धक्का लागेल, ती वाकेल, डबी मिटणार नाही. म्हणून काम झाले की आत. वस्तूची निगा राखणाऱ्या माणसाची ती सवय होती. आजोबा नीटनेटके होते, एवढेच त्या चिठ्ठीवरून दिसते.

नव्या कॅमेऱ्याची गंमत अशी की, अंतर तेच आहे. ते बदलताच येत नाही. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कमी असते. सोनीच्या ज्या जातीचा कॅमेरा या मुलाकडे आहे, तिच्यात ते 18 मिलिमीटर आहे. उरलेले 10.8 मिलिमीटर ॲडॅप्टरच्या जाडीने भरून काढायचे. 18 आणि 10.8 मिळून पुन्हा 28.8. दूरचा डोंगर स्पष्ट दिसायचा तर हिशेब इतकाच यायला हवा, आणि तो येतो. म्हणून लेन्स बसते, चित्र सुरेख येते, आणि माणसाला वाटते की सगळे पूर्वीसारखेच आहे.

अंतर पूर्वीसारखे आहे; जागा पूर्वीसारखी नाही. जिथे मोकळी पोकळी होती तिथे आता भिंती जवळ आल्या आहेत. सेन्सरच्या तोंडावर काचेचा थर आहे, त्याच्यापुढे धातूच्या पातळ पात्यांचे शटर, आणि या सगळ्याभोवती चौकोनी खिडकी. कित्येक कॅमेऱ्यांत हात थरथरला तर सांभाळून घेण्यासाठी सेन्सर स्वतःच इकडेतिकडे हलतो. शिवाय अशा बहुतेक कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर दिसतो; मध्ये पडदाही नसतो. अशा घरात पितळेची जुनी नळी सवयीने मागे सरकली तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. ती खिडकीच्या चौकटीवर आपटेल, किंवा पात्यांवर, किंवा थेट काचेवर.

ही अडचण डिजिटल युगाबरोबरच उपटली असेही नाही. 1971 च्या लायका एम-5 मध्ये उजेड मोजणारी एक लहान दांडी लेन्सच्या मागे येऊन उभी राही. तिथेही घडीच्या लेन्सची धास्ती होती. 2006 च्या एम-8 आणि 2009 च्या एम-9 या डिजिटल लायकांच्या माहितीपुस्तकात तर स्पष्ट सूचना आहे की, मिटणाऱ्या लेन्स नळी बाहेर ठेवूनच वापराव्या. आत ढकलू नयेत. ज्या घराण्याने ही सोय काढली, त्याच घराण्याला पुढे ती आवरती घ्यावी लागली.

मग दोष कोणाचा? मी त्या मुलाला हाच प्रश्न उलट विचारला. लेन्स निर्दोष आहे. तिला जसे शिकवले तशी ती वागते. कॅमेरा निर्दोष आहे. कोणा वेगळ्या काळातल्या पाहुण्यासाठी पोटात जागा राखून ठेवायला तो बांधील नव्हता. ॲडॅप्टर तर दोघांपेक्षा सरळ: 10.8 मिलिमीटर सांगितले, 10.8 भरले. तीन चांगल्या वस्तू एकत्र आल्या आणि नुकसान झाले. कोर्टात कोणावर खटला भरणार?

मला वाटते, अशा वेळी जबाबदारी वस्तूंमध्ये शोधूच नये. ती जोडणाऱ्याची असते. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरांना चांगले ओळखतो. नवरा चांगला, नवरी चांगली, पत्रिका जुळते. पण मुलीला पहाटे गाणे म्हणायची सवय आहे आणि त्या घरात पहाटे सासऱ्यांचे ध्यान असते, हे ठाऊक असूनही तो बोलला नाही, तर उद्याच्या रडारडीतला त्याचा वाटा चुकत नाही. "मी काय केले? दोघेही चांगले होते," हे त्याचे म्हणणे खरे असते आणि तरीही अपुरे असते.

आणि इथे मला लेन्स सोडून जराशी वाट वाकडी करायची आहे. आपण ज्यांना संस्कार म्हणतो, ते बरेचसे या नळीसारखे असतात. त्यांच्यामागे एक मोकळी जागा असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण फक्त संस्कार पुढच्या पिढीच्या हातात देतो. पूर्वी वाड्याचे दिंडी-दरवाजे दिवसभर उघडे असत. आल्यागेल्याला दार बंद दिसू नये, हा त्या घरांचा चांगुलपणा होता. पण त्या उघड्या दारामागे चौक होता, चौकात धुणे धुणाऱ्या बायका होत्या, ओसरीवर कोणीतरी आजोबा होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचे दार तसेच उघडे टाकणारी सून उदार खरी, पण तिच्या पाठीमागे चौक नाही.

याहून अवघड उदाहरण मी वर्गात पाहिले आहे. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपण प्रत्येक मुलाला शिकवतो, मीही शिकवतो. एके वर्षी सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, नम्र, आणि दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून गप्प. तिला घरातल्या एका मोठ्या माणसाचा त्रास होता. काय ते सांगायला तिला पुढची दिवाळी यावी लागली, आणि ते तिने आमच्या शिवणाच्या बाईंजवळ सांगितले. इतके दिवस का बोलली नाहीस, असे बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मोठ्यांना उलट बोलायचे नसते ना?" हे उत्तर देताना तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, असे बाई मला म्हणाल्या. जणू आपण परीक्षेत नीट उत्तर दिले, असाच तिचा चेहरा होता.

मोठ्यांपुढे न बोलण्याची ही रीत ज्या घरांत वाढली, तिथे निदान एका मोठ्याच्या पलीकडे दुसरा मोठा असे. काका रागावले तर आत्याकडे जावे, आत्याने ऐकले नाही तर आजीच्या पदराखाली शिरावे. त्या गर्दीच्या घरांतही वाईट घडत होते, घुसमट होती. मी त्यांचे गोडवे गाणार नाही. पण पोराच्या गप्पपणाला मागे सरकायला थोडीतरी जागा असे. या मुलीच्या घरात मोठे माणूस म्हणून तोच एक आणि दिवसभर कामावर असलेली आई. शिकवण तीच, शब्दही तेच. मागची जागा तेवढी भरून गेली होती.

म्हणून शिकवण टाकून द्यावी का? त्या विद्यार्थ्याने लेन्सबद्दल हाच विचार केला होता. त्याच्यापुढे वाटा होत्याच. लेन्स काचेच्या कपाटात ठेवावी, तिची पूजा करावी आणि वापरू नये. ही वाट सोपी आहे, आणि मला ती आवडत नाही. जिचे कामच बघणे, तिला फक्त दाखवायला ठेवायचे, यात मला मान दिसत नाही. सुटका करून घेणे दिसते. दुसरी वाट कापण्याची. जुन्या लेन्सचा मागचा भाग घासून लहान करणारे लोक आहेत; उलट परक्या लेन्ससाठी कॅनन 5-डीचा आरसा घासून घेतलेलेही आहेत. ज्याची वस्तू त्याचा हक्क, हे मान्य. पण आजोबांकडून आलेली वस्तू पूर्णपणे आपली असते का, याबद्दल मला शंका आहे. घासलेले पितळ परत येत नाही, आणि ती वस्तू आपल्यानंतरही कोणाच्या तरी हातात जायची असते.

तिसरी वाट सगळ्यांत लोकप्रिय: मी लक्षात ठेवीन. हिच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. लक्षात ठेवणारा लक्षात ठेवतोही. पण लग्नाच्या गर्दीत कॅमेरा धाकट्या मदतनिसाच्या हातात जातो. तो बिचारा नीटनेटका असतो. काम झाले म्हणून नळी आत करून देतो. घात होतो तो निष्काळजी माणसाच्या हातून नव्हे, काळजीवाल्याच्या हातून. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात सहज जाते. तिची धोक्याची सूचना मात्र पहिल्या हातातच राहते.

उरली चौथी वाट, ती साधी आणि थोडी कुरूप आहे. नळी पूर्ण बाहेर ओढून, फिरवून घट्ट अडकवायची, आणि बाहेर राहिलेल्या भागावर रबराचे किंवा जाड चिकटपट्टीचे कडे चढवायचे, की खटका सुटला तरी नळी मागे जाऊच नये. लेन्सचे बघणे जसेच्या तसे राहते. फक्त तिची मिटण्याची सवय तेवढी आवरली जाते. काही लोकांना यात वडीलधाऱ्या वस्तूचा अपमान वाटतो. मला वाटत नाही. त्या मुलीच्या वर्गालाही आम्ही पुढे असेच एक कडे चढवले: उलट बोलू नये, पण दुखले तर सांगावे, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्याला. हे वाक्य फळ्यावर लिहिलेले पाहून एका पालकाने मला विचारले, मुले शेफारणार नाहीत का? मी म्हटले, थोडी शेफारतील. तेवढे चालेल.

अनुभवी लोकांच्या सल्ल्याबद्दल एक सांगायला हवे. या छंदातली माणसे छातीठोकपणे म्हणतात, "मी ढकलली आत, काही झाले नाही." ते खोटे बोलत नसतात. पण त्यांची साक्ष त्यांच्या लेन्सपुरती आणि त्यांच्या कॅमेऱ्यापुरती खरी असते. वेगवेगळ्या जातींच्या नळ्या कमीजास्त आत जातात, आणि कॅमेऱ्यांच्या पोटातल्या जागाही सारख्या नसतात. लायकानेच आपल्या सूचनेत एक अपवाद नोंदवला आहे: त्यांची 90 मिलिमीटरची मॅक्रो-एल्मार मिटवली तरी तिची नळी कॅमेऱ्याच्या पोटात शिरत नाही, म्हणून ती खुशाल मिटवावी. सगळ्या घडीच्या लेन्स सारख्याच घातकी मानणे हाही आळसच. लेन्स हातात घ्यावी, कॅमेऱ्यापासून दूर, नळी पूर्ण आत करावी, आणि कडेच्या मागे ती किती बाहेर येते ते व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. तेवढी जागा ॲडॅप्टरच्या जाडीत संपत असेल तर गोष्ट वेगळी. त्यापुढे जात असेल, तर कॅमेऱ्याच्या आत बोटाने किंवा पट्टीने चाचपून बघण्याचा मोह धरू नये. कडे चढवावे आणि मोकळे व्हावे.

त्या मुलाने मोजले. नळी पुढे जात होती. त्याने कडे चढवले. आजोबांच्या चिठ्ठीखाली त्याने आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे: नव्या कॅमेऱ्यावर असताना नाही. खाली तारीख. आजोबांचे वाक्य खोडलेले नाही, कारण ते चुकलेलेच नव्हते. जुना झोर्की कोणी दुरुस्त करून दिला, तर त्याच्यावर तेच लागू.

सध्या त्याची अडचण निराळीच आहे. कॅमेऱ्यावरून उतरवल्यावर कडे काढून लेन्स पूर्वीसारखी मिटवायला हरकत नाही. पण मिटली की नळी मागच्या बाजूने बाहेर डोकावते, आणि तिची मागची काच झाकायला खोल झाकण लागते. बाजारात मिळणारे उथळ झाकण तिला आट्यांनी छान बसते, आणि मग नळी आत केली तर तिची मागची काच त्या झाकणाच्या बुडावर टेकते. खोल झाकणासाठी त्याने बोरा बाजारात दोन चकरा मारल्या. अजून मिळालेले नाही. तोवर लेन्स मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून, नळी बाहेर ठेवूनच, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे.